गाडीआधी आलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, आणि तरी माझे पहिले काम मी अगदी अलीकडे केले. परळच्या भोईवाड्यात, चाळ पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये, खांबाला स्क्रूने आवळून मला बसवले आहे. रंगाने पांढरी, आकाराने शाळेच्या पाटीएवढी. बाजूला गुंडाळलेली जाड काळी वायर आणि तिच्या टोकाला मूठ. विजेवर चालणाऱ्या मोटारीला रात्रभर वीज पाजायची, एवढेच माझे काम. पण वीज पाजायला आधी मोटार तर दारात हवी!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका मुलीने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. तपासणीच्या टेबलावर माझा हिरवा दिवा लागला तेव्हा तिने मला हलकेच थोपटले आणि पुढे सरकवले. "चांगल्या घरी पडली पाहिजे," असे काहीतरी ती शेजारणीला म्हणाली. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

घर चांगलेच मिळाले. धोंडूआजोबा जन्मभर गिरणीत मागावर होते. मंजुळाआजी त्यांची बायको. मुलगा हितेंद्र लोअर परळला एका कचेरीत काम करतो. ती कचेरी पूर्वीच्या एका गिरणीच्या आवारातच आहे, आणि आजोबा हे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. हितेंद्रची बायको सीमा, ती माटुंग्याच्या एका कॉलेजात शिकवते. या घरात आजवर कुणी मोटार घेतली नव्हती. हितेंद्रने विजेची गाडी नोंदवली आणि सोसायटीची परवानगी मिळताच मला आधी बसवून घेतले. पाहुणा यायच्या आधी पाट मांडावा, तशी मी.

आता ही गाडी कशासाठी, ते सांगते. या घरचा गणपती देवगडकडच्या गावी बसतो, पण मूर्ती जाते परळच्या, गणपती घडवणाऱ्या कारखान्यातून. आणि या घरची एक पद्धत आहे. मूर्ती एकदा कारखान्याच्या फळीवरून उचलली की गावच्या घरात पाटावर बसेपर्यंत कुठे खाली ठेवायची नाही. माणसाच्या मांडीवर बसूनच तिने जायचे. लग्न होऊन आल्यापासून ती मांडी मंजुळाआजींची. एसटीच्या खिडकीशी बसून, मूर्तीच्या तोंडावरचा रुमाल सावरत, पोलादपूरच्या वळणावळणांत तिला पोटाशी धरत आजींनी किती गणपती गावी नेले, याची गणती त्यांनाही नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. एक वर्ष पुतण्यांनी भाड्याच्या जीपमध्ये कोंबून नेले. मधे थांबा म्हणायची सोय नव्हती, कारण ड्रायव्हरला पुढचे भाडे होते. आजी गावी उतरल्या त्या सुजलेले पाय घेऊन, आणि सगळा उत्सव त्यांनी खाटेवरून पाहिला. त्यानंतर मूर्ती पुतण्यांबरोबर जाऊ लागली. आजी मात्र हट्टाने म्हणाल्या, आता जाईन तर आपल्या गाडीतून.

"आपली गाडी म्हणजे मी थांब म्हटलंय काय थांबाक होयी," असे त्यांचे म्हणणे. हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. कारण डॉक्टरांनी त्यांना रोज संध्याकाळी थोडे चालायला सांगितले होते, आणि चालून दमल्या की त्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन माझ्यासमोरच, गाडीसाठी आखलेल्या रिकाम्या चौकोनात बसत.

गाडी गणपतीच्या आधी मिळणार होती. पण जुलैमध्ये एके संध्याकाळी हितेंद्र कामावरून आला तो मोबाईल हातात धरूनच.

"आई, एक विचार करतोय," तो म्हणाला. "या गाडीची बॅटरी गावापर्यंत पुरत नाही गं. वाटेत एकदा चार्जिंगला थांबायलाच लागणार, पाऊण तास तरी. सहा महिन्यांत मोठी बॅटरी येतेय. मी ऑर्डर पुढे ढकलू का?"

"थांबाया मगे वाटेत," आजी म्हणाल्या. "एसटी काय थांबत नाय होती? मी बसतलंय मांडयेर घेवन."

"अगं, गणपती मांडीवर घेऊन पाऊण तास उभ्या गाडीत बसणार? पंपावर? बाप्पाला असं ताटकळत ठेवायचं?"

आजी म्हणाल्या, "बसतलंय की. माका काय झाला?"

पण धोंडूआजोबांचा सगळा जीव यंत्रांत. त्यांना नव्या यंत्राचे फार. "नवीन येता हा तर थांब मगे," ते म्हणाले. "घाई कित्याक?"

हितेंद्रचे काही चुकत होते, असे मी म्हणणार नाही. बॅटरी हाच गाडीचा जीव, आणि एवढी मोठी वस्तू माणूस पुन्हापुन्हा घेत नाही. शिवाय त्याने हे सारे आईसाठीच चालवले होते. फक्त आईने काय मागितले होते, ते त्याच्या हिशेबातून निसटले. तिला हवी होती म्हटल्यावर थांबणारी गाडी, आणि तो शोधत बसला कुठेच न थांबणारी.

ऑर्डर पुढे गेली. गणपती पुतण्यांबरोबर गेला. आजींनी गॅलरीतून हात जोडले, असे सीमा खाली कुणाला तरी सांगत होती.

त्या दसऱ्याला मात्र माझा मोठा मान झाला. गिरणीत दसऱ्याला मागाची पूजा व्हायची, ती सवय आजोबांच्या अंगात मुरलेली. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले, कुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. खोबरे वाटताना म्हणाले, "हिका बेकार ठेवूचा नाय, लवकर कामाक लावूचा." मी लाजून चूर झाले. हार वाळून गेला तरी त्यांनी तो बरेच दिवस काढू दिला नाही.

हार गेला आणि माझे दिवस फिरले. पोरांनी माझ्या खांबावर खडूने स्टंप काढले. त्यांचे चेंडू मी निमूट खाल्ले. कुणीतरी माझ्या मुठीवर ओली छत्री टांगली, कुणी भाजीची पिशवी. सेक्रेटरी जगदीशभाऊ जातायेता टोमणा मारत, "काय हितेंद्र, गाडी दिसत नाय आम्हाला. काय अदृश्य गाडी घेतलीस काय?" हितेंद्र हसून वेळ मारून नेई. माझा हिरवा दिवा मात्र रात्रंदिवस लागलेला. मी तयार आहे, एवढेच तो सांगतो. दुसरे काही मला सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी ती मोठी बॅटरी खरोखरच आली. आजींनी आनंदाने जुन्या साडीची घडी शिवून मांडीवर घ्यायची गादी केली, मूर्तीला धक्का बसू नये म्हणून. संध्याकाळी खुर्चीत बसून त्या तिला टाके घालत होत्या. पण हितेंद्रने कुठे कुठे वाचले, की घाटात आणि एसी लावून ती सांगितल्याइतकी चालत नाही. म्हणजे गाव हाताशी आले असताना पुन्हा थांबणे आलेच. आणि पुढच्या वर्षी तर त्याहून भारी, अगदी वेगळ्याच जातीची बॅटरी येणार होती.

त्या दिवशी सीमा पहिल्यांदा चिडली. "हितेंद्र, मोबाईलसुद्धा दरवर्षी नवा येतो," ती म्हणाली. "आईंचे पाय दरवर्षी नवे येणार आहेत का?"

"एकच गणपती गं, सीमा. पुढच्या वर्षी नक्की."

आपण गणपतीला निरोप देताना पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो ना, तसे हितेंद्र गाडीला म्हणत होता. आणि गणपती शब्दाला जागून दरवर्षी येत होता.  आजींनी गादीला उरलेले टाके घातले, दोरा दाताने तोडला आणि खुर्ची बाजूला सारून त्या वर गेल्या. मला तेव्हा फार वाईट वाटले. माझ्या पोटात वीज होती, समोर जागा होती, जायला माणूस तयार होते. नव्हते ते फक्त कुणाचे तरी 'चला'.

त्या हिवाळ्यात आजी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण त्यानंतर त्या चालायला खाली आल्या नाहीत. समोरच्या चौकोनात ती प्लास्टिकची खुर्ची तेवढी कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवली होती. धोंडूआजोबा मला पुसायला येत, पण हात चालत नसे. एकदा ते फडके हातात घेऊन नुसतेच उभे राहिले आणि म्हणाले, "मीच तेका थांब म्हटलंय." मग वर गेले.

आणि मग गाडी आली. तीच, जिची वाट पाहिली ती. निळसर रंगाची, देखणी, एका दमात देवगड गाठील अशी. माझी मूठ पहिल्यांदा तिच्यात बसली, वीज वाहू लागली, माझा दिवा निळा झाला. ज्या क्षणासाठी मी जन्मले तो आला होता. पण आजूबाजूला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

हितेंद्रने आजींना चाकाच्या खुर्चीतून खाली आणले आणि एका रविवारी पनवेलपर्यंत नेऊन पाहिले. परत आली तेव्हा गाडी जवळजवळ भरलेलीच होती. आजींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "किती वेळा थांबलो रे," त्या ओशाळून म्हणाल्या. त्यांना फार वेळ बसवत नव्हते. तासाभरात कंबरेतून कळ येई, मग गाडी बाजूला घ्यायची, त्यांना आडवे करायचे, पुन्हा निघायचे. डॉक्टरांनी गावचे नाव काढू नका म्हणून सांगितले. आजींना आत नेल्यावर हितेंद्र माझ्यापाशी परत आला, माझी मूठ गाडीत बसवली आणि खांबाला डोके टेकून उभा राहिला. तो रडत होता. मला हात असते तर मी त्याच्या पाठीवरून फिरवले असते.

यंदाचा गणपती असा आला. हितेंद्र आणि सीमा मूर्ती घेऊन जाणार, आजी-आजोबा घरी राहणार असे ठरले. सकाळी हितेंद्र कारखान्यातून मूर्ती घेऊन चालतच पार्किंगमध्ये आला. तोंडावर रुमाल, ओल्या मातीचा वास. सीमाने गाडीतल्या पडद्यावर बॅटरीचा आकडा पाहिला आणि म्हणाली, "अरे, ऐंशीच टक्के दाखवतेय!"

बॅटरी टिकावी म्हणून हितेंद्र रोज ऐंशीपर्यंतच भरत असे. तशी सूचना त्याने गाडीत करून ठेवली होती आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी ती बदलायला विसरला. ऐंशीवर गाव गाठता येत नव्हते. मूर्ती तर फळीवरून उठली होती, आणि आता खाली ठेवायची नव्हती. त्याने घाईने सूचना बदलली. माझा दिवा पुन्हा निळा झाला.

तेवढ्यात लिफ्टमधून आजोबांनी आजींची खुर्ची ढकलत आणली. निरोप द्यायला आल्या होत्या. आजींच्या मांडीवर ती गादी होती. त्यांनी सगळे एका नजरेत ओळखले.

"माझ्याकडे दे," त्या म्हणाल्या.

सीमा आणि आजोबांनी धरून त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर बसवले. हितेंद्रने मूर्ती त्यांच्या मांडीवर ठेवली. आजींनी दोन्ही हातांनी तिला पोटाशी धरले, रुमाल सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "देवा, औंदा हयसरच भेट."

 उभ्या गाडीत, चार्जिंगला लावलेली वायर बाजूला लोंबत असताना, आजी गणपती घेऊन बसल्या. हितेंद्र दाराशी खाली बसला, मोबाईल खिशात घालून. वीज द्यायची घाई मला आयुष्यभर होती, पण त्या सकाळी मला वाटले, आपली वीज जरा हळू वाहावी. खूप हळू वाहावी.

बऱ्याच वेळाने आजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मान हलवून सीमाला शेजारी बसवले आणि मूर्ती गादीसकट तिच्या मांडीवर दिली.

"आता जावा," त्या म्हणाल्या.

"आई, अजून भरली नाही गं."

"नाय भरली तरी जावा. वाटेत थांबा, चाय पिया. देवाक मात्र खाली ठेवू नकात."

हितेंद्रने माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, आजोबांच्या मदतीने तिला पुन्हा चाकाच्या खुर्चीत बसवले आणि माझी मूठ काढून घेतली. गाडी फाटकाबाहेर गेली. वाटेत ते महाडला थांबले. गाडी चार्जिंगला लावून तिथूनच त्याने घरी फोन केला, असे आजोबांनी नंतर जगदीशभाऊंना सांगितले. काहीच अडले नव्हते.

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर चेंडू मारू नका, माझ्या मुठीला पिशव्या टांगू नका, एवढे मी तुमच्याकडे मागणार होते. ते राहू दे. तुमच्या घरात कुणी 'मी बसेन की' म्हणत असेल, तर त्यांना गाडीत बसवा आणि निघा. त्या सकाळी गाडी गेल्यावर आजी थोडा वेळ माझ्यासमोरच्या रिकाम्या चौकोनात खुर्चीत बसून होत्या. त्यांच्या साडीच्या पदराला शाडूची पांढरी माती लागली होती. आजोबा ती झटकायला वाकले, तर आजींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "ऱ्हवांदे."