रिकामी फळी

मी फळी बोलतेय. दिवाणखान्यात शिरलात की उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर मी बसवलेली आहे. लांबी साडेतीन फूट, रुंदी वीतभर. माझ्यावर काय ठेवलंय म्हणाल, तर काही नाही. काही म्हणजे काही नाही! आणि याचा मला इतका तोरा आहे की शेजारचं पुस्तकांचं कपाट माझ्याशी बोलत नाही.

माझा जन्म काही थोरामोठ्यांच्या घरचा नाही. एका कपाटाची दारं करून उरलेला मी तुकडा. सुतार मला टाकायलाच निघाला होता, पण त्याचा हात अडला. "असू दे, लागेल कधीतरी," असं म्हणून त्याने मला भिंतीला टेकवलं. हे 'लागेल कधीतरी' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे याच दोन शब्दांनी मला नको नको केलं.

दोन वर्षांनी एक नवं जोडपं दुकानात आलं आणि मला घेऊन गेलं. नवरा पोहायला शिकवतो. सगळे त्याला सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बायको रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेते. मी तिला मनातल्या मनात बाई म्हणते. लोक फोनवर रडतात, किंचाळतात, आणि ही शांतपणे सांगत राहते, "पत्ता सांगा. श्वास चालू आहे का? घाबरू नका, मी लाइनवर आहे." रोज आठ तास हेच.

पहिल्या दिवशी बाईने माझ्यावर एक छोटी कुंडी ठेवली. किती छान दिसत होते मी! पण माणसाच्या हाताला एक खोड असते. सपाट जागा दिसली की हातातलं तिथे टेकवायचं. "आत्ता ठेवतो, मग उचलतो." तो 'मग' कधी उजाडतो का? कुंडीशेजारी चाव्या आल्या, मग कुठल्या कुलुपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या चाव्या आल्या. न चालणारी बॅटरी, मुदत संपलेल्या गोळ्या, एकटंच उरलेलं कानातलं, कुठल्याशा मिक्सरचं गॅरंटी कार्ड. वर सरांचे पोहण्याच्या स्पर्धांचे कप. कुंडी कधी वाळली ते मलाही कळलं नाही. आठ वर्षं माझ्या अंगाला वारा म्हणून लागला नाही.

मग तो दिवस आला. बाईच्या लेकीला दमा आहे. खेळून आली आणि तिला श्वास लागला. बाई तिचा औषधाचा पंप शोधायला धावली. खणात नाही, पलंगावर नाही, दप्तरात नाही. आणि तो होता कुठे? माझ्यावरच, कपांच्या मागे, जुन्या बिलांखाली! मी जीव तोडून ओरडले असते हो, पण लाकडाला कुठला आवाज? पंप सापडेपर्यंत चार मिनिटं गेली. पोरीचा श्वास पुन्हा नीट चालू लागला आणि बाई तिला कवटाळून तिथेच जमिनीवर बसली.

"मी दिवसभर लोकांना विचारते, औषध कुठे ठेवलंय," ती सरांना म्हणाली, "आणि माझ्याच घरात मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि पदर खोचला. पुढचे तीन महिने घरातून सामान बाहेर जात होतं. सर प्रत्येक वायरीला चिकटायचे.

"अगं, ही चांगली आहे!"

"कोणत्या फोनची?"

"ते... बघावं लागेल."

"बघ. संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळी वायर गेली. तशीच बाईची स्वतःची शिलाई मशीनही गेली. ती गेली तेव्हा बाई मोकळेपणी हसली. मशीन काही फार जड नव्हती. दोन ड्रेस शिवायचे राहिलेत, हे आठ वर्षं रोज तिला आठवायचं, ते जड होतं.

पंपाला दाराजवळ त्याचा स्वतःचा खिळा मिळाला. शेवटी माझी पाळी आली. बाईने मला ओल्या फडक्याने पुसलं. सर कप हातात घेऊन उभे. "आता इथे काय ठेवायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"अरे, घरात जिकडे बघावं तिकडे प्रत्येक वस्तू मला काहीतरी सांगत असते. मला धू, माझी घडी घाल, मला दुरुस्त कर. एक जागा तरी अशी असू दे, जी माझ्याकडे काही मागत नाही."

तेव्हापासून बाई कामावरून आली की चहा घेऊन माझ्यासमोर दहा मिनिटं बसायची. फोन नाही, टीव्ही नाही. तिचे खांदे हळूहळू खाली यायचे. सांगते, एवढं वजन पेललं आयुष्यात, पण याच्याइतकं मोलाचं काम मी कधी केलं नव्हतं.

सुख फार दिवस टिकतं होय? सासूबाई राहायला आल्या.

सासूबाईंचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी दुकान विकलं आणि मुलाकडे आल्या, सोबत नऊ खोकी घेऊन. खोक्यांत काय? लोकांनी काढून घेतलेले, पण न्यायला कुणीच न आलेले फोटो! छोट्या छोट्या पाकिटांत, नाव आणि तारीख घालून, हजारो चेहरे.

"आई, हे आता कोण न्यायला येणार?" सरांनी विचारलं.

"आणि आलं तर? मी शब्द दिलाय, तयार ठेवते म्हणून."

त्यांच्या खोलीत खोकीच खोकी झाली. पलंग भिंतीला चिकटला, त्यांना रात्री पाय पसरता येईनात. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. साडेतीन फूट रिकामी जागा! आधी चष्मा आला, मग औषधांची डबी आली. बाई न बोलता उचलायची. मी मनात म्हणायची, धीर धर गं, म्हातारं माणूस आहे.

एका संध्याकाळी बाई कामावरून आली ती वेगळीच. त्या दिवशी तिचा एक फोन वाईट गेला होता, गाडी पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. तिने चहा केला, खुर्चीत बसली, वर पाहिलं, तर माझ्यावर खोकं. अख्खं खोकं!

"आई, ते उचला. आत्ताच्या आत्ता!"

बाईचा असा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "माझ्या खोक्याला जागा नाही म्हणजे मला जागा नाही. असंच सरळ सांग ना!"

सरांनी खोकं उचलून जमिनीवर ठेवलं. पुढचे तीन दिवस त्या दोघी लेकीमार्फत बोलल्या. "आजीला सांग चहा झालाय." "आईला सांग मला नको." पोर बिचारी दोन पावलांवर निरोप पोहोचवून दमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकीला माझ्याशिवाय मोकळा श्वास नाही, दुसरीला माझ्याशिवाय घरात आसरा नाही, आणि माझी लांबी साडेतीन फूट!

चौथ्या दिवशी दुपारी घरात सासूबाई एकट्याच होत्या. त्या आल्या आणि बाईच्या खुर्चीत बसल्या, मुद्दाम, सूड उगवल्यासारख्या. माझ्याकडे रागाने पाहू लागल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. राग कुठे टेकवावा तेच त्यांना कळेना, कारण माझ्यावर काहीच नव्हतं. मग त्या हळूच माझ्याशी बोलल्या. "चाळीस वर्षं गं. खोलीत शिरले की सगळे माझ्याकडे बघत असतात. कधी येणार आम्हाला न्यायला? मी काय सांगू त्यांना? मी दमले." आणि पदराने डोळे पुसत खूप वेळ बसून राहिल्या.

बाई घरी आली तशी त्यांनी स्वतःच हाक मारली.

"अगं, इकडे ये. मला एक सांग. तुमच्याकडे कुणी मदत मागितली, आणि मधेच फोन तुटला, तर तुम्ही काय करता?"

बाई चपापली. "आम्ही उलटा फोन करतो, आई. तीनदा. नाहीच उचलला, तर नोंद करतो आणि पुढचा फोन घेतो."

"तीनदा?"

"तीनदा. नाहीतर पुढचं माणूस ताटकळतं."

"आणि मी चाळीस वर्षं लाइनवर थांबलेय," सासूबाई म्हणाल्या. क्षणभराने त्यांना स्वतःलाच हसू फुटलं, बाईलाही फुटलं, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. "चुकलं माझं, आई," बाई म्हणत होती, "त्या दिवशी ओरडायला नको होतं."

ठरलं! सासूबाईंनी तीनदा हाक मारायची. जुन्या दुकानाच्या दारावर आमच्या घरच्या पत्त्यासह पाटी लागली, 'ज्यांचे फोटो न्यायचे राहिलेत, त्यांनी पंधरा दिवसांत न्यावेत.' लेकीने सरांच्या मदतीने तेच फोनवर सगळीकडे पाठवलं. दर पाच दिवसांनी पुन्हा.

आणि लोक घरी आले की हो! एक टक्कल पडलेले गृहस्थ स्वतःचे कुरळे केस बघून हसता हसता खाली बसले. "बायकोला दाखवतो. तिचा विश्वासच बसत नाही." एक ताई आपल्या आईचा फोटो घेऊन उभीच राहिली. "आमच्याकडे तिचा हसतानाचा एकही नाही," म्हणाली आणि सासूबाईंचे हात घट्ट धरून ठेवले.

ती गेल्यावर सासूबाई उसळून म्हणाल्या, "बघ! ठेवला म्हणून मिळाला ना?"

"हाक मारलीत म्हणून मिळाला, आई. खोक्यात होता तोवर कुठे मिळाला?"

सासूबाई पुढचं पाकीट शोधायला वळल्या. पण रागावल्या नाहीत.

येणारा जाणारा माझ्यावर हेल्मेट नाहीतर पिशवी ठेवायला जायचा, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचा, "तिथे नाही!" मी तर अंगभर शहारले. ज्या सासूबाईंनी माझ्यावर खोकं चढवलं, त्याच माझी राखण करत होत्या! सर एक नवा, हातभर उंच कप जिंकून आले आणि सवयीने माझ्याकडे वळले. दोघी एकदमच ओरडल्या. सरांनी तो कप पोहण्याच्या क्लबात परत नेला.

पंधराव्या दिवशी साडेसात खोकी उरली. रद्दीत घालायला सासूबाई तयार होईनात. "कुणाच्या चेहऱ्यात कुणी काही गुंडाळून द्यायला नको." बाईच्या ऑफिसात कागद कातरायचं यंत्र आहे. परवानगी काढून दोघी तीन दुपारी तिथे गेल्या. सासूबाई प्रत्येक पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचत. "तीनदा बोलावलं हो तुम्हाला," म्हणत, आणि बाईच्या हातात देत. एकही चेहरा त्यांनी चुकवला नाही. तिसऱ्या दुपारी घरी आल्या त्या ताठ मानेने, लढाई जिंकून आल्यासारख्या. रात्री पलंग खिडकीशी ओढला, आणि सकाळी सांगत होत्या, "अगं, किती महिन्यांनी पाय पसरून झोपले!"

आज संध्याकाळी माझ्यासमोर दोन खुर्च्या आहेत, दोन कप चहा आहे. बाई मघाशी म्हणाली, "आई, समोरच्या भिंतीला तुमच्यासाठी एक फळी बसवून घेऊया का? अगदी तुमची. तिच्यावर काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कशाला? ही पुरते की दोघींना."

ऐकलंत ना? साडेतीन फूट लांबीत दोन बायका ऐसपैस मावल्या आहेत. तुमच्या घरातही माझी एखादी बहीण ओझ्याखाली दबलेली असेल. घरी गेलात की तिच्यावरचं एक काहीतरी उचला, आजच उचला. आणि जायच्या आधी तुमची किल्ली घ्या पाहू. बोलता बोलता माझ्यावर ठेवलीत ना? सासूबाईंचं लक्ष जायच्या आत उचला.