धाडच्या जीपमध्ये

"सर, इथं शिकून गोष्टीच्या पुस्तकातली चित्रं काढता येतात का?"

हे विचारूनच दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मंजुश्रीनं ती जिंकली. चिखलीच्या चित्रकला कॉलेजातले सर मनापासून हसले. "इथं चित्रकलेचे मास्तर घडतात, बेटा. पुस्तकाच्या चित्रांसाठी अमरावती."

अमरावतीच्या कॉलेजातही तिचा नंबर लागला होता. पण बाबांना चिखलीच हवं होतं; सकाळी जा, संध्याकाळी घरी ये.

आपल्या गावी, धाडला परतताना जीपमध्ये ती आई-बाबांच्या मधे गच्च दाटली. समोरच्या आजोबांच्या मिशा अशा झोकदार, की तिची बोटं शिवशिवली. वही मांडीवर होती. हात मात्र निघेना.

"आई, सरक ना थोडी!"

"कुठं सरकू वं? बाजूले दारच हाय."

"चूप बस जराशी," बाबा म्हणाले आणि आजोबांकडे वळले. "चिखलीतच टाकतो पोरीले. रोज डोळ्यासमोर राह्यते."

आजोबांनी मान डोलावली. जीपमधल्या सगळ्यांनीच डोलावली.

"बाबा," ती अख्ख्या जीपला ऐकू जाईल अशी बोलली, "डोळ्यासमोर राहीन, पण मले हात हलवता येत नाही. मी अमरावतीलेच जाईन."