राखेवरची वाट

हसू नका गं! संजना, तू तरी नीट ऐक.

आज पनवेलला ती सुनावणी होती ना? आमच्या खाडीजवळ कंपनीचं कोळशाचं वीजघर आहे, त्यांना आता दुसरं धुराडं पाहिजे. सरकारचे साहेब लोकांचं म्हणणं ऐकणार होते. गावाचं म्हणणं, दुसरं राहू दे, आहे तेच बंद करा. पुरुष सकाळीच गेले. मागे आम्ही तिघी, मी, वेणूकाकी आणि कृष्णाआत्या. बॅनर आमच्याकडे, लांब बांबूला गुंडाळलेला. ‘कोळशावरची वीज बंद करा’, मीच रंगवलेला.

रस्त्याने उशीर झाला असता. ओहोटी होती, म्हणून खाडीतून निघालो. आमच्याकडे सगळेच जातात. चकाकतो तो चिखल टाळायचा, सुकून मळकट दिसतो तिथं पाय टाकायचा, हे आम्हाला लहानपणापासून येतं. आत्या पुढे, काष्टा खोचून, मला चिडवत. “ए कॉलेजवाली, चपला हातात घे, नायतर खाडी घेईल त्या!”

आणि गेली! एका पावलात मांडीपर्यंत आत!

वरून मळकट, सुकलेलं, अगदी घट्ट दिसत होतं. पण तो चिखलच नव्हता गं. राख होती! वीजघरात कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून साठवतात, त्या तळ्याचा बांध रात्रीत फुटला होता आणि कुणी गावात सांगितलंच नव्हतं. वर पापुद्रा, खाली सगळं पिठल्यासारखं.

“आडवी हो गं, आडवी हो!” काकी ओरडली. चिखलात रुतलं की आम्ही तेच करतो, पाय हळूहळू सुटतात. आत्या आडवी झाली तर पापुद्रा फुटला आणि तोंडच राखेत. खोकत, थुंकत उठली तर कमरेपर्यंत! वादळात होडीवर हसणारी बाई ती. आणि नुसती पुटपुटतेय, “निशे, खाली तळ नाय. तळच नाय गं.”

त्यात भरती लागली. तिवरांच्या मुळांशी पाणी चढताना मला दिसत होतं. काकी आणि मी मागे खऱ्या चिखलावर पोटावर पडलो आणि बॅनरचा बांबू पुढे सरकवला. आम्ही ओढतोय, तिचे हात सटकतायत, मी रडतेय, काकी शिव्या घालतेय, कंपनीला, सरकारला, मधेच मला पण! पाणी आत्याच्या छातीला लागलं आणि मी डोळेच मिटले. पण त्या पाण्यानेच राख सैल झाली बहुतेक. बांबूला हिसका बसला, बघते तर आत्या आमच्या अंगावर.

परत फिरू म्हटलं तर ऐकेना. पोहोचलो तेव्हा साहेब उठायच्या बेतात. आत्या तशीच, केसांपासून पायांपर्यंत करडी. राखेने बॅनरवरचं एक अक्षरही लागत नव्हतं.

साहेब म्हणाले, “बाई, काय लिहिलंय यावर?”

“कोळशावरची वीज बंद करा, सायेब. एकदम नाय जमत तर हळूहळू करा, पन कदी ते आज सांगा. आन् दुसरं धुराडं नको.”

“अहो, मग दिवे कशावर लावायचे?”

“ते मला नाय ठावं. पन उद्याच्या ओहोटीला माझ्यासंगं चला. चालून बघा.”

 साहेबांनी एकदा तिच्या पायांकडे बघितलं, “नोंद घेतली” म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. कधी बंद करणार, ते सांगितलंच नाही.

घरी टेम्पोने आलो. आत्या सगळा रस्ता पाय वर घेऊन बसलेली, माझं मनगट घट्ट धरून. टेम्पो दारात थांबला, आमच्याच अंगणात, जिथं ती रोज सुकट वाळत घालते. काकी उतरून गेली पण. आत्या हलेना.

“उतर ना आत्या, घर आलं.”

तिने खाली अंगणाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “निशे, आदी तू पाय टाक. बघ, घट्ट हाय का.”