दीड माणसाचा तंबू

तंबू दीड माणसाचा निघाला, त्यामुळे पहिल्या मुक्कामानंतर सकाळी माझे साडू अर्धेच उठले.

उंची होती तेवढीच होती. मिशी, टक्कल, कपाळावरची जुनी खोक, सगळं जागच्या जागी होतं. फक्त जाडी अर्धी झाली होती. समोरून पाहिलं तर तेच प्रल्हाद चौगुले, इचलकरंजीत पलंग आणि सोफासेट विकणारे. बाजूने पाहिलं तर कपाटाचं दार. त्यांनी तंबूच्या तोंडाशी उभं राहून पट्टा आवळला, आणखी आवळला, आणि शेवटी पँट सुतळीने बांधली.

"पाव्हणं," ते म्हणाले, "रात्री जरा अडचणच झाली."

"मला नाही झाली."

"तुम्ही आधी शिरलासा न्हवं."

हे खरं होतं. मी आधी शिरलो म्हणून पूर्ण राहिलो. ते मागून आले आणि उरलेल्या जागेत जेवढे मावले तेवढे झोपले. न मावलेले कुठे गेले ते मी शोधून पाहिलं. तंबूच्या मागे नुसतं गवत होतं, तेही तुडवलेलं नव्हतं.

तंबू मी निवडला होता. इचलकरंजीतच माझं कुरिअरचं ऑफिस आहे. आमच्या धंद्यात पार्सलचं वजन दोनदा काढतात, एकदा काट्यावर आणि एकदा खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजून आतल्या जागेचं. जे जास्त भरेल ते धरायचं. उशी पाठवणाऱ्याला हवेचंही वजन लागतं. तेव्हा जागा काय चीज आहे हे मला कुणी शिकवायला नको. दुकानात दोन तंबू होते, एक ऐसपैस आणि जड, दुसरा हलका. चौगुले ऐसपैस तंबूत शिरून हातपाय पसरून पडले आणि आतूनच म्हणाले, "पाव्हणं, हितं माणूस कूस बदलू शकतोय." मी तेव्हा हलका तंबू एका बोटावर तोलून पाहत होतो. ओझं कमी व्हावं म्हणून टूथब्रशची दांडी कापणारा माणूस मी. शर्टाच्या कॉलरमागच्या चिठ्ठ्याही मी उसवून टाकल्या होत्या.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," मी म्हणालो.

"ह्या एका म्हणीनं आमच्या धंद्याचं वाटोळं केलंय," ते म्हणाले आणि मुकाट्याने बाहेर आले. दुकानदार हलक्या तंबूला दोन माणसांचा म्हणाला. तसं ते म्हणतातच.

चौगुल्यांची साखर वाढली होती, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं, म्हणून त्यांना हिमालयात चालवायची टूम माझीच. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या खिंडीपलीकडच्या गावात गाडी घेऊन थांबणार होत्या. निघताना धाकटी, म्हणजे चौगुल्यांची शैलजा, मला बाजूला घेऊन म्हणाली, "दाजी, जसे नेताय तसे आणून द्या मला."

"थोडे कमी करून आणतो," मी म्हणालो. ती हसली नाही, तेव्हा मी 'जसेच्या तसे' असा शब्द दिला.

परत फिरता येत नव्हतं. वाट आमच्या पाठोपाठ चटईसारखी गुंडाळत येत होती. आम्ही थांबलो की ती थांबे, आम्ही निघालो की पुन्हा गुंडाळायला लागे. तेव्हा पुढेच जायचं होतं. अर्ध्या माणसाला अर्धंच ओझं पेलतं, म्हणून चौगुल्यांच्या पाठीवरचं निम्मं सामान माझ्या पाठीवर आलं. हलका तंबू घेऊन जे वाचवलं होतं त्याच्या कितीतरी पट मी वाहू लागलो. दुपारी वारा सुटला तेव्हा ते वाऱ्याकडे खांदा करून आडवे चालले आणि वारा त्यांना चुकवून माझ्या तोंडावर आला.

"एकंदरीत बरं हाय," ते म्हणाले. "दम लागत न्हाई."

मला त्यांचा राग आला. माणसाने असल्या बाबतीत तरी थोडा आरडाओरडा करावा.

दुसऱ्या मुक्कामाला मी त्यांना आधी आत जायला सांगितलं. पण माझा एक आणि त्यांचा अर्धा मिळून दीडच होत होतं, तंबू बरोबर भरला आणि आहे ते तसंच राहिलं. तिसऱ्या मुक्कामाला हिम पडायला लागलं. बूट बाहेर ठेवले तर गोठले असते, ते आत घेतले. बुटांना जागा लागली. सकाळी चौगुले पाव उरले होते.

आता त्यांच्या आरपार उजेड दिसत होता. चहाचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागला. मी तंबूच्या खुंट्या उपटत होतो आणि मला शैलजाचा चेहरा दिसत होता. काय सांगणार होतो तिला? समोरून बघ, समोरून आहेत तेवढेच आहेत?

खुंट्या ठोकायला खालच्या ओढ्यातून आणलेला एक गोटा माझ्या सॅकमध्ये होता. तो हातातून सुटून तंबूत पडला. तंबू कापडाचा आवाज करत थोडा फुगला, आणि बाहेर दात घासत बसलेल्या चौगुल्यांचा उजवा कान भरून आला. पातळ कागदी होता तो चांगला मांसल, लाल झाला. मी गोटा बाहेर काढला. कान उतरला. पुन्हा ठेवला. पुन्हा भरला.

"कानात गरम वाटतंय," ते म्हणाले.

मला सगळं कळलं. हा तर आमचाच नियम होता, फक्त उलट बाजूने लावलेला. वजन द्या, जागा घ्या. मी आजूबाजूचे दगड गोळा करून आत टाकून पाहिले. त्यांनी काही झालं नाही. दगड खालून, स्वतःच्या पाठीवर आणलेलाच चालत होता. न वाहिलेल्या वजनाला तंबू विचारत नव्हता.

मग मी दगड वाहिले. सकाळी वाट सोडून बाजूच्या ओढ्यापर्यंत उतरायचं, सॅक भरायची, वर यायचं. मी, ज्याने टूथब्रश कापला तो. जागा व्हावी म्हणून सॅकमधून आधी जादाचे कपडे काढून टाकले, मग स्टोव्ह, मग तांदळाची पिशवी. पट्ट्यांनी खांदे सोलून निघाले. पण पुढच्या मुक्कामाला दगड आत रचल्यावर चौगुले पुन्हा अर्ध्याच्या वर आले. सकाळी ते तंबूतून बाहेर आले ते लहान मुलासारखे हसत.

"पाव्हणं, मी कूस बदलली!"

"बघितलं मी."

"दोनदा."

त्यांच्याबद्दल मला इतकी माया कधी वाटली नव्हती. वीस-पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांच्या घरी गणपतीला जेवलो, पण ती साडूपणाची रीत होती. आता त्यांच्या दंडावर रोज किती मांस चढलं ते मी आचाऱ्याने भात चाचपावा तसा चाचपून पाहत होतो.

समोरचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसत होते. हवा स्वच्छ असली की दिसतात तसे, असं मी धरून चाललो.

शेवटचा मुक्काम खिंडीच्या तोंडाशी होता. त्या दिवशी मी एवढे दगड वाहिले की चालताना मला फक्त स्वतःचे गुडघे दिसत होते. चौगुले मागून सॅकला हात लावून उचलू पाहत होते. मी त्यांच्यावर खेकसलो, कारण त्यांनी उचललेलं माझ्या हिशेबात धरलं जात नव्हतं. संध्याकाळी मी तंबू उभारला आणि एकेक दगड आत मांडला. तंबू मंगल कार्यालयाएवढा झाला. शेवटचा दगड ठेवला तेव्हा चौगुल्यांच्या कमरेची सुतळी तटकन तुटली.

ते पूर्ण झाले होते. ढेरीसकट. ते तंबूच्या मधोमध हातपाय पसरून पडले आणि मी त्यांच्या बाजूला बसून ढसाढसा रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात जड होता.

"उद्या शैलजाला म्हणा, मोजून घे," मी म्हणालो.

"मोजंल ती," ते म्हणाले. "ती भाजीसुद्धा मोजून घेतीया."

सकाळी मी तंबूचं तोंड उघडलं आणि बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. समोरचे डोंगर तंबूच्या भिंतीपर्यंत सरकून आले होते. आभाळ इतकं खाली होतं की मला मान वाकवावी लागली. आम्ही आत जी जागा घेतली होती ती कुठूनतरी आलीच होती.

खिंड तिथेच होती. दोन कड्यांमधून, काल मी लांबून पाहिलं तेव्हा खेचरांची रांग जाईल एवढी. आता तिथे एक फट होती. मी आडवा होऊन शिरून पाहिलं. खांदा गेला, छाती अडली. चौगुल्यांनी प्रयत्नही केला नाही. ते फटीकडे पाहत उभे राहिले, ग्राहकाच्या जिन्यावरून पलंग वर जाणार नाही हे कळल्यावर उभे राहत असतील तसे.

पलीकडचं गावही सरकून आलं असावं, कारण फटीपलीकडून बांगड्या वाजल्या.

"कोण आहे?" माझ्या बायकोचा, उज्ज्वलाचा आवाज आला. "आलात का हो?"

"आलोय!" मी ओरडलो.

"दाजी," शैलजा म्हणाली, "हे आहेत?"

फटीतून तिचा हात आला. हिरव्या बांगड्यांचा हात, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. तो हवेत चाचपडू लागला. आधी माझी बाही हाताला लागली, ती तिने सोडून दिली. मग चौगुले पुढे झाले आणि त्यांनी आपला हात तिच्या हातात दिला. तिने बोटं दाबून पाहिली. मनगटाभोवती मूठ आवळून पाहिली, ती पुरली नाही. दंडावर वीत टाकली. मग तिचा हात निवांत झाला.

"सगळे आहेत," ती पलीकडे बहिणीला म्हणाली. "ताई, सगळे आहेत."

"सगळा हाय गं," चौगुले म्हणाले.

"मग या ना इकडे."

कडे आणखी सरकले. तिच्या बांगड्या दगडावर घासल्या, एक पिचली. माझ्या पाठीमागे वाट गुंडाळत तंबूच्या दोऱ्यांपर्यंत येऊन थांबली होती. चौगुल्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात तिच्या हातातच होता.

"पाव्हणं," ते अगदी हळू म्हणाले, "दगड काढा."

"मी तिला शब्द दिलाय."

"असू द्या. काढा."

मी तंबूत गेलो. शेवटी ठेवलेला दगड उचलला आणि बाहेर टाकला. कडे बोटभर मागे सरकले, फटीतून पलीकडचं ऊन आत आलं, आणि उज्ज्वला म्हणाली, "उघडतंय, उघडतंय!" मी दुसरा टाकला, तिसरा टाकला. ऊन चौगुल्यांच्या गालावर पडलं. सदरा त्यांच्या अंगावर ढिला झाला.

शैलजाने मूठ आवळली. मग आणखी आवळली. आता ती मनगटाभोवती पुरत होती.

"थांबा," ती म्हणाली. "दाजी, थांबा."

"थांबू नका," चौगुले म्हणाले.

माझ्या दोन्ही हातांत पुढचा दगड होता.