खांद्यावरचं बाळ

"अरे बाबा, ही आता जन्माची तुझ्या गळ्यात पडली बघ!"

शेजारच्या काकूंचा तो आवाज मामाच्या कानात घर करून बसला होता. त्या दिवशी बहिणीला माती देऊन सगळे परतले होते. मेहुणा तर आधीच देवाघरी गेलेला. पुढच्या खोलीत खुर्च्या कमी पडत होत्या, आणि दुपट्यातली भाची मामाच्या मांडीवर गाढ झोपली होती. काकू बोलल्या त्या मायेनंच. पण तेच शब्द कधीतरी पोरीच्याही कानावर गेले असणार, कारण काल ते तिच्या तोंडून आले.

पोरीला घरात सगळे भिंगरी म्हणत. आता ती उंचीनं मामाच्या कानाला लागली होती. गाण्याच्या शाळेत तिची निवड झाली होती आणि उद्या तिला वसतिगृहात जायचं होतं. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "सुटलास ना मामा? गळ्यात पडलेली ब्याद चालली एकदाची. आता बघ एखादी चांगली मुलगी, उरक लग्न."

म्हणाली आणि हसली. ते हसणं कोरडं होतं. ही पोर असंच मनात धरून घराबाहेर पडणार, या विचारानं मामाचं काळीज हललं. आज काम सुटल्यावर तो तिच्यासाठी गळ्यात घालायचं संताचं पदक शोधायला निघाला.

चर्चला टेकून उभं असलेलं चिंचोळं दुकान, आत मेणाचा वास. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून हातांच्या रेषांत ग्रीस बसलेलं, म्हणून मामानं हात मागेच ठेवले. दुकानातल्या आजीबाईंनी मखमलीचा ट्रे पुढे सरकवला.

"कुणासाठी, दादा?"

"भाचीसाठी. गाते ती."

"मग ही घ्या सिसिलिया. गाणाऱ्यांची संत."

"आणि ही?"

"अपोलोनिया. दात दुखले की हिला आळवायचं."

"दात ठणठणीत आहेत हो तिचे. जीभच जरा जास्त चालते. जिभेवर आहे का कुणी?"

"असता तर आधी आमच्या ह्यांच्या गळ्यात नसता का घातला!"

दोघं हसले. सिसिलिया बांधून द्या, असं म्हणणारच होता मामा, तेवढ्यात ट्रेच्या कोपऱ्यातलं एक पदक चमकलं. आजीबाईंनी भिंग दिलं.

नखाएवढी चांदी, आणि तिच्यात अख्खी नदी वाहत होती. पाण्यात कमरेपर्यंत बुडालेला एक धिप्पाड माणूस, हातात काठी, खांद्यावर इवलंसं बाळ. बाळाची मूठ त्याच्या केसांत.

"ख्रिस्तोफर," आजीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "लोकांना खांद्यावर घेऊन नदी पार करून द्यायचा. एकदा हे लेकरू आलं. उचललं तेव्हा पिसासारखं, मधोमध गेला तर पाय उचलेना. म्हणाला, 'बाळा, तू एवढा जड कसा?' आणि कळलं त्याला, खांद्यावर देव होता. सगळं जग घेऊन बसलेला."

मामानं भिंग आणखी जवळ नेलं. लिफ्टच्या लोखंडी वजनांना खांदा देणारा गडी तो. पण भाचीला पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणताना भर रस्त्यात त्याचे पाय लटपटले होते. चिमूटभर जीव, अन् वाटलं होतं की आभाळच कुशीत दिलंय कुणी. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. आणि ती इथं, चांदीत, कुण्या काळची कोरलेली! कितीतरी वेळ त्यानं भिंग खाली ठेवलंच नाही. ग्रीसच्या हातांचंही भान राहिलं नाही.

घरी भिंगरीनं डबी उघडली. पदक दिव्याखाली धरलं.

"हा बुवा कोण?"

"ख्रिस्तोफर. प्रवासात सांभाळतो."

ती बघत राहिली. मामाला वाटलं, तिलाही ती नदी दिसली. पण पोरीचा चेहरा उतरत गेला. मामानं त्या चांदीत नवल पाहिलं होतं, आणि तिला दिसली ती फक्त वाकलेली पाठ.

"किती वाकलाय बिचारा," ती म्हणाली. "म्हणजे ओझंच ना रे मी? चांदीवर कोरून दिलंस." तिनं डबी मिटली आणि बॅगेची चेन ओढू लागली.

मामा तिच्यासमोर जमिनीवरच बसला. 

"तू दुपट्यात होतीस तेव्हा तुझी आत्या आली होती. तुला न्यायला."

चेन अर्ध्यावर थांबली.

"मोठं घर त्यांचं. बाग होती, पियानो होता. पाळणासुद्धा सजवून ठेवला होता. सगळे म्हणाले, दे, पोरीचं सोनं होईल. मी नाही दिली. हातापाया पडलो तिच्या, रडलो. ती रिकाम्या हातानं गेली. तुला आजवर बोललो नाही, कारण भीती वाटायची. तू म्हणशील, मामा, पियानोच्या घरी का जाऊ दिलं नाहीस मला?" त्यानं मिटलेली डबी पुन्हा उघडली. "मला तू हवी होतीस, भिंगरे. मीच मागून घेतलं तुला."