लंगडी पहिल्यांदा मरते

झॉम्बीचा कुठलाही पिक्चर लावा. जुना लावा, नवा लावा, ज्याच्या पायाला काही झालंय तो माणूस अर्ध्या तासाच्या आत मरतो. मी शंभराच्या वर पिक्चर बघून बोलतेय, उगाच हवेत नाही. एकतर तो पळताना मागं राहतो आणि चावला जातो, नाहीतर दारात उभा राहून "तुम्ही जा, मी यांना अडवतो" म्हणतो. मग बाकीचे दोन टिपं गाळतात आणि सुटतात. सगळ्यांची सोय होते. गाडीत एक जागा मोकळी होते, बघणाऱ्याला रडायला मिळतं. मरणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, की बाई, तुला मरायचं होतं का?

मी संयोगिता. कडेगावात ऑनलाईन दाखल्यांचं केंद्र चालवते. तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली पिन तुटून सुटली आणि उसासकट माझ्या स्कूटीवर आली. डाव्या पायात सळई आहे, पाय ओढत चालते. कुणी आवाज बारीक करून "जरा पायाची अडचण आहे" म्हणालं की माझं डोकं फिरतं. अडचण कसली डोंबलाची? लंगडते मी. रोज केंद्राचं शटर मीच उघडते आणि मीच लावते.

हे झॉम्बीचं वेड लागलं ते प्लास्टरमध्ये पडले होते तेव्हा. माझा चुलतभाऊ शिवतेज पेनड्राइव्ह भरून पिक्चर आणायचा. आम्ही दोघं एकाच वर्षाचे, त्यामुळे दादा-ताईची भानगड नाही, शिवा आणि संयू. पुढं गल्लीतली पूजा आणि ऋषिराज यायला लागले आणि शनिवारी दुपारी जोतीराम तात्यांच्या माडीवर बैठकच बसायला लागली. तात्या म्हणजे शिवतेजचे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. ते आधी शिव्या घालायला वर आले आणि मग उठलेच नाहीत.

भांडण ठरलेलं. शिवतेजला नवे पिक्चर पाहिजेत, ज्यात झॉम्बी सुसाट पळतात, भिंतीवर चढतात, एकमेकांच्या अंगावर पडतात.

"हळूवाल्यांना कोन भ्यायचं गं?" तो म्हणायचा. "त्यांच्या म्होरनं च्या पिऊन निवांत निघून जाता येतंय."

"पळनारं मढं हे मढंच न्हवं," मी म्हणायची. "त्यो ताप चढल्याला मानूस. जुन्या पिक्चरमधलं मढं घाई करत न्हाई, कारन त्याला म्हाईत असतंय, तू कवातरी झोपनार."

तात्यांचा दोन्ही पक्षांवर राग. "मेल्याला मानूस एवढा पळतोय म्हंजे जितेपनी त्याची पीटी चांगली झाली हुती," असं म्हणायचे आणि मग घरात दारं ठोकून बसलेल्या हिरोकडं वळायचे. "आरं, पहारा कुनाचा लावलाय? पान्याचं कॅन कुटं हाय? सगळी एका खोलीत रडत बसल्यात. मरा भाड्यांनो!" आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत शेवटपर्यंत बघायचे.

माझं खरं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. पळणाऱ्या झॉम्बींच्या पिक्चरमध्ये मी पहिल्या दहा मिनिटांत खपते. तिथं मला आशाच नाही. जुन्यांचं तसं नाही. त्यांचा वेग आणि माझा वेग सारखाच. डोकं ठिकाणावर ठेवलं, वाट नीट निवडली, तर मी शेवटपर्यंत जगते. ज्या पिक्चरमध्ये मला जगायला जागा आहे तो पिक्चर मला आवडतो. यात माझं काय चुकलं?

यंदा गणपतीत मंडळाचा अध्यक्ष शिवतेज झाला. आमच्या भागात आरास म्हणजे जिवंत देखावा. चौकात गल्लीतलीच पोरंपोरी वेष करून उभी राहतात, संवाद आधीच सांगलीच्या स्टुडिओत रेकॉर्ड करून आणलेले असतात, ते स्पीकरवर लागतात आणि आम्ही नुसती तोंडं हलवायची. दर वर्षी ऐतिहासिक होतं. शिवतेज म्हणाला, यंदा झॉम्बी.

"गनपतीम्होरं मढी?" मंडळातली जुनी माणसं उठलीच. दोन बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं की सामाजिक संदेश असेल तर चालेल. मग झॉम्बी मोबाईलचे करायचे. गावाला मोबाईलचा रोग लागतो, माणसं हातात फोन धरून उसातनं बाहेर येतात आणि दिसेल त्याला चावतात. मला हसावं का रडावं कळेना. झॉम्बीला मोबाईल कशाला लागतो? पण त्या मोबाईलनंच माझं काम केलं.

"शिवा," मी म्हणाले, "मान खाली घालून फोन बघनारा मानूस पळतोय व्हय रं? पैल्या खड्ड्यात पडंल की."

तात्या हसले. शिवतेजनं डोकं खाजवलं आणि मान्य केलं. झॉम्बी हळू चालणार हे पक्कं झालं. मी त्या दिवशी सगळ्यांना वडापाव दिले.

मग त्यानं लिहून आणलेल्या देखाव्याचं शेवटचं पान वाचून दाखवलं. जिवंत राहिलेली माणसं टेम्पोत बसून गाव सोडतात. टेम्पो त्याचाच, तोच चालवणार, चौकात खरोखर दहा फूट पुढं जाणार. एक लंगडी मुलगी मागं राहते. ती म्हणते, तुम्ही जा, मी ओझं होणार नाही. झॉम्बी तिला घेरतात. संपलं.

"ही भूमिका तू करायचीस," शिवतेज म्हणाला. "तुझ्याबिगर कोन करनार? ओरिजिनल वाटंल."

मी म्हणाले, "मढी हळू हायत. मी बी हळू हाय. मग ती मला गाठतीलच कशी? बैठकीतच ठरलंय न्हवं आपलं?"

"आगं, पन लोकं रडली पायजेत! तालुक्याचं परीक्षक येनार हायत. लंगडी वाचली तर रडनार कोन?"

"मग तू मर. तू धडधाकट मेलास तर लोकं जास्त रडतील."

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. मी नाही म्हणून मोकळी झाले असते तर त्यांनी पूजाच्या पायाला पट्टी गुंडाळून तिला लंगडायला लावलं असतं आणि मारलं असतं. ते मला चालणार नव्हतं. शेवटी शिवतेजच घरी आला, "तुझ्या मनासारखं, तू टेम्पोत चढायचंस" म्हणाला. आम्ही दोघं सांगलीला गेलो, मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून आले. "आले, आले, थांबा!" एवढं एकच वाक्य. त्यानंतर तो म्युझिक जोडायला म्हणून परत एकटा सांगलीला गेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सहाव्या दिवशी साडेसातला पहिला खेळ होता, गावापुरता. परीक्षक साडेआठच्या खेळाला येणार होते. चौकात खराखुरा ऊस उभा करून रान केलेलं. मी उसाच्या कडेला, टेम्पो वीस पावलांवर. बारा पोरं हनुवटीखाली मोबाईलचा उजेड धरून डुलत डुलत बाहेर आली, बारकी पोरं किंचाळली, मला लय भारी वाटलं. माझं वाक्य आलं आणि मी तोंड उघडलं.

स्पीकरवर भलतीच बाई रडायला लागली. "जा तुम्ही! माझ्यासाठी थांबू नका! मी तुमच्यावर ओझं होणार नाही!" इतकं शुद्ध आमच्या गल्लीत कुणी रडत नाही. माझं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात बाराही पोरांनी मला घेरलं, अगदी ठरवल्यासारखं. ठरवलेलंच होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. ऋषिराजनं माझा खांदा धरून मला हळूच खाली बसवलं, टेम्पो दहा फूट पुढं गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पोरांच्या पायांमधून मला पहिली रांग दिसत होती. आईनं पदर डोळ्याला लावला होता. शेजारची बाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "खरंच बाई, ओझंच की जल्माचं. तुमच्या मागं कोन बघनार हिला?" आई काही बोलली नाही. एक शब्द बोलली नाही. मला चावे घेतल्याचं नाटक चाललं होतं, त्यानं काही झालं नाही. हे मात्र लागलं.

मांडवामागं मी शिवतेजची गचांडी धरली.

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" तो म्हणाला. "आगं, लोकं बघितलीस का कशी रडली? फस्ट नंबर कुटं जात न्हाई. परीक्षक आता येतीलच. संयू, पाया पडतो तुझ्या. एवढं एकदा मर. उद्यापास्नं तुझ्या मनासारखं करू."

एवढं एकदा मर. चहाला दूध आणायला सांगावं तसं म्हणाला. मी त्याची कॉलर सोडली, साडीला लागलेली माती झटकली आणि जाऊन उसाच्या कडेला उभी राहिले. त्याला वाटलं, ऐकलं बाईनं.

साडेआठला परीक्षक तिघं आले, खुर्च्यांवर बसले, त्यांना नारळ दिले. ऊस हलला, पोरं आली, बारकी पोरं पुन्हा किंचाळली. स्पीकरवरची बाई हुंदका देऊन सुरू झाली, "जा तुम्ही! माझ्यासाठी थांबू..."

"ए! थांबा!" मी ओरडले. माइक नव्हता, गळा होता. "मी येतेय! कुनी हालायचं न्हाई!"

आणि चालायला लागले.

बाई स्पीकरवर मरत होती आणि मी चालत होते. पोरं गोंधळली. ऋषिराज आडवा आला आणि ओठ न हलवता म्हणाला, "आक्का, पड की गं! परीक्षक बघत्यात!"

"न्हाई पडत. आनि तू हळू हायस. पळलास तर बघ." मी त्याला वळसा घालून निघाले.

तो पळाला नाही. शनिवारच्या बैठकीतलं पोरगं ते, नियम मोडवेना त्याला. अकरा जण त्याच्याकडं बघून हळूच चालत राहिले, फोन हातात, मान खाली. मी पुढं, ती मागं, सगळ्यांची चाल एकच. वीस पावलं म्हणजे माझी तीस. सळई ठणकत होती, ठणकू दे म्हटलं. गर्दीत कुणी हसलं, कुणी शिट्टी मारली, मग शिट्ट्याही थांबल्या. लोक बघायला लागले, पोचते का नाही.

सतराव्या पावलाला टेम्पो सुरू झाला. शिवतेजनं खरोखर गिअर टाकला आणि टेम्पो दहा फूट पुढं सरकला.

"शिवा! ब्रेक दाब! मला घेतल्याबिगर गाडी न्यायची न्हाई!"

टेम्पोत उभ्या असलेल्या पूजानं केबिनच्या टपावर दणादणा हात मारले. टेम्पो गचका खाऊन थांबला. तेवढ्यात स्पीकरवरचं रेकॉर्डिंगही संपलं. चौकात गप्प झालं सगळं, नुसती माझी पावलं, एक नीट आणि एक घासत. मी वाढलेले दहा फूटही चालले आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर, त्या खाली पाडायच्या दारावर, हात ठेवला. पोरं अजून चार पावलं मागं होती. उगाच नाही सांगत, नीट मोजून चार.

शिवतेज दार आपटून खाली उतरला. रागानं त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. परीक्षक, गाव, गणपती, काही दिसत नव्हतं त्याला.

"आगं, तू मरायला पायजे हुतंस!"

एवढ्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. परीक्षकांनी ऐकलं, तात्यांनी ऐकलं, बायकांनी ऐकलं. सगळ्यात शेवटी त्यानं स्वतः ऐकलं. त्याचे हात खाली आले. मला त्याची कीव आली, पण अर्धीच.

"न्हाई मेले," मी म्हणाले. "फाळका पाड. मला वर चढायचंय."

तो हलेना. मीही हलले नाही. मग पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई उभी राहिली होती.

"पाड की रं!" आई ओरडली. सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली. "पोरगी थांबलीया माझी, दिसत न्हाई व्हय?"

शिवतेजनं दोन्ही बाजूच्या खिट्ट्या काढल्या आणि फाळका खाली आला.