सहा माशांचा उपवास

सावेडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला दोन बाथरूम होत्या. त्यातली एक माशांची होती.

हे ऐकून पाहुणे हसायचे. मग आंघोळीला नंबर लावायची वेळ आली की गप्प व्हायचे. अश्विनी आठ महिन्यांपूर्वीच गप्प झाली होती. ती शाळेत क्लार्क. साडेसहाला घराबाहेर पडायचं, त्याआधी डबे, दोन पोरं, सासूबाई आणि नवरा एवढं सगळं एकाच बाथरूममधून पार करायचं. त्यात पाचला उठलेली बाई आठवड्यातून दोनदा तरी नुसतं तोंड धुऊन हजेरीपट घ्यायला जायची.

तिचा नवरा कानिफनाथ याने दुसऱ्या बाथरूममध्ये काचेची पेटी मांडली होती, कारण तिथं नळ होता आणि पाणी वाहून जायला उतार होता. पेटीत सहा कॅटफिश. अंगठ्याएवढे, तळाच्या वाळूत तोंड खुपसून दिवसभर काहीतरी हरवल्यासारखे शोधत फिरणारे. त्यांची पिल्लं काढायची, हा त्याचा संकल्प. त्यासाठी नर कोणता, मादी कोणती, एवढंच कळायचं राहिलं होतं.

"मिशा हायेत त्यो गडी," सासूबाई गोजरबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. मिशा सहाही जणांना होत्या.

दुकानदार म्हणाला होता, वरून बघा. मादी पोटात रुंद, नर सडसडीत. पण या घरात सडसडीत राहणं कुणाला जमणार? गोजरबाई मिश्री लावता लावता चिमूटभर खाद्य टाकायच्या, कानिफनाथ कामावर निघताना टाकायचा, पोरं शाळेतून आली की टाकायची. घरातला जीव उपाशी राहू नये, ही गोजरबाईंची शिकवण. सहाही मासे वरून बटाटेवड्यासारखे दिसत.

"रविवारपर्यंत अंडी दिसली नाहीत तर पेटी जाईल," एका सोमवारी अश्विनी म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला जोर लागतो.

"आणि दिसली तर?"

"तर राहू द्या तुमचं प्रसूतिगृह. मी काही बोलणार नाही."

कानिफनाथने घाबरून मामांना बोलावलं. सहादेवमामा राळेगणचे. तीस वर्षं पारनेर तालुक्यातल्या गाई-म्हशी गाभण आहेत की नाहीत, हे तपासण्यात गेलेली. मंगळवारी एसटीने आले. पिशवीत खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा होता.

"सवयीनं घेतला," ते म्हणाले.

बाथरूममध्ये स्टुलावर चढून त्यांनी अर्धा तास वरून पाहिलं.

"काय वाटतं, मामा?"

"गाय असती तर हात घालून सांगितलं असतं."

"घालू नका," अश्विनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मामा खाली उतरले. "समदेच फुगल्यात. तीन-चार दिस उपास घडवा ह्यांना. खाल्ल्यालं पोट उतरतं, अंड्याचं उतरत न्हाई. मंग जी रुंद ऱ्हाईल, ती बाई."

आठ महिन्यांत या विषयावर अश्विनीने ऐकलेलं हे पहिलं शहाणं वाक्य. गोजरबाई मात्र भावावर चिडल्या. "मुक्या जिवाला उपाशी ठिवायचं? गाईंमदी ऱ्हाऊन ही अक्कल आली व्हय तुला?"

बुधवारपासून उपवास सुरू झाला. खाद्याचा डबा माळ्यावर गेला. गुरुवारी मासे होते तेवढेच फुगलेले होते. शुक्रवारी थोडे जास्त वाटले. कानिफनाथ स्टुलावर उभा राहून म्हणाला, "हवेवर वाढतात की काय?"

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा उरकून अश्विनी घरी आली, तर पेटीतलं पाणी ताकासारखं झालेलं. गोजरबाई भिजवलेल्या साबुदाण्याची वाटी घेऊन शेजारी उभ्या.

"आई, त्यांचा उपवास आहे ना?"

"म्हनून तर. उपासाला साबुदाना चालतो. मीठसुदीक न्हाई घातलं."

"तीन दिवस हेच देताय?"

"येकदा शेंगदान्याचं कूट दिलं. लई बारीक केल्तं."

मासे वर येऊन हवा गिळत होते. कानिफनाथ एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेलेला. एक रात्र असंच राहिलं तर उद्याचा प्रश्न आपोआप सुटेल, हे अश्विनीला दिसत होतं. तिने पर्स ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि पाइप तोंडाने ओढून अर्धी पेटी उपसली. गच्चीवरच्या टाकीचं जानेवारीतलं पाणी बादलीने भरताना बोटं बधिर झाली. बाथरूमला वास राहू नये म्हणून करतेय, असं तिने स्वतःला सांगितलं.

रविवारी ती सवयीने पाचला उठली. गीझर कुठे लावायचा, ते बघायला माशांच्या बाथरूममध्ये गेली. काचेला साबुदाणा चिकटला होता. घासणी घेऊन तिने हात पुढे केला, तर एक दाणा तिच्यासमोर चिकटवला गेला.

एक मासा खालून आला. पोटाखालचे पर दुमडलेले, ओंजळीसारखे. काच तोंडाने पुसली, अंडं लावलं, खाली गेला. गेली. लगेच मागून दोघे आले आणि ते अंडं खाऊन टाकलं.

म्हणजे घासणीचीही गरज नव्हती. जाऊन चहा टाकायचा. तासाभरात हेच काच साफ करतील आणि दुपारी पेटी जिना उतरेल.

ती पुन्हा आली. काच पुसली, अंडं लावलं. दोघांनी खाल्लं. ती पुन्हा खाली जाऊन पुढच्याच्या तयारीला लागली. मागे वळून बघायला तिला सवड नसावी.

"घे ना जरा दम," अश्विनी म्हणाली. तिने घेतला नाही.

अश्विनीने पर्समधून शाळेचं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या कडेने एकेक अंडं अलगद सोडवू लागली. ठेवायला आंघोळीच्या बाथरूममधला मग्गा आणून पेटीच्याच पाण्याने भरला.

थोड्या वेळाने बाहेरून गोजरबाईंची हाक आली.

"अश्विनी, आंगुळीचा मग्गा कुटं हाय गं?"

"बाळंतिणीकडे दिलाय, आई."

"कवा मिळंल?"

"पोरं पोहायला लागली की," अश्विनी म्हणाली आणि ओळखपत्र पुन्हा पाण्यात घातलं.